सात नंबर काही खात नाही

२ सप्टेंबर, मंगळवार

मॅडमनी पहिल्याच दिवशी दोन वह्या दिल्या. एक जाड, कडक पुठ्ठ्याची. हे रजिस्टर, यात फक्त आकडे. दुसरी ही. यात काय लिहू विचारलं, तर म्हणाल्या, "मतं. तुझ्याकडे बघून वाटतंय की तुझ्याकडे खूप आहेत. ती रजिस्टरात सांडू देऊ नकोस."

तर पहिलं मत: मला माशातलं ओ की ठो कळत नाही. मी इंजिनियर. पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र मला दुरुस्त करता येतं, म्हणून मला घेतलं. मुलाखतीत विचारलं होतं, "मासे आवडतात?" मी म्हटलं, "खूप." लिंबू पिळून, हे सांगितलं नाही.

३ सप्टेंबर

प्रयोग असा. बारा तिलापिया. एकाच वयाचे, एकाच टाकीत वाढलेले, खाणंही एकच. तरी दाणे पडायच्या आधीच एक जण तोंड वर करून उभा, आणि दुसरा कोपऱ्यात रुसल्यासारखा. असं का? मॅडम बारा वर्षं सांगतायत की हे सगळं चयापचयावर आहे. ज्याची आतली भट्टी जोरात, त्याला भूक जोरात. नुसतं पडून राहायलाच ज्याला जास्त ऑक्सिजन लागतो, तो खायलाही पुढे.

मोजायचं कसं? माशाला एक दिवस उपाशी ठेवायचं, कारण जेवलेला मासा पचवण्यातच ऑक्सिजन उडवतो. मग पारदर्शक नळीत पाण्यासकट बंद करायचं आणि ऑक्सिजन किती उतरतो ते बघायचं. ही झाली भट्टी. खाणं मोजायचं वेगळं: रोज दहा दाणे टाकायचे, संपले तर अजून एकेक, पाच मिनिटं. उरलेले पाइपने ओढून मोजायचे.

इथे पीएचडी करणारा एक सीनियर आहे. वाजले किती विचारलं तर म्हणाला, "दहा वाजून सतरा पूर्णांक चार." त्याचं नाव मी दशांश ठेवलंय. त्यानेच भिंतीवरची पावती दाखवली: 'तिलापिया, बारा नग, सर्व नर.' मॅडम माद्या घेतच नाहीत. म्हणे त्यांच्यामुळे आकडे बिघडतात.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज मोठ्या टाकीतून बाराही जणांना वेगवेगळ्या टाक्यांत हलवलं. जाळं वापरायचं असतं. माझ्या जाळ्यात पहिल्या फटक्यात दशांशचा चष्मा आला. शेवटी सात नंबरला मी आंघोळीच्या मगाने उचललं. तो शहाण्यासारखा मगात बसला, हूं की चूं नाही. मला आवडला.

संध्याकाळी दारात कँटीनवाले काका, हातात वाडगं. "आज कोण सुटलं?"

मला वाटलं कुणाची सुट्टी झाली का विचारतायत. मग दशांशने दारावरचा कागद दाखवला. मॅडमच्या अक्षरात: 'सलग सहा दिवस न खाणारा मासा आजारी समजावा व प्रयोगातून काढावा.' काढलेला मासा कुठे जातो हे कागदावर लिहिलेलं नाही, पण कागदावर तेलाचे डाग आहेत.

८ सप्टेंबर, सोमवार

सगळ्यांची नावं ठेवून झाली. तीन नंबर आधाशी, एकोणतीस दाणे खातो आणि माझं बोटही. पाच नंबर साहेब, कारण दाणा बघतो, फिरून येतो, परत बघतो, मग सही केल्यासारखा उचलतो. अकरा नंबर भित्रा, मी शिंकलो की दगडामागे.

सात नंबर: शून्य. शनिवारीही शून्य, रविवारीही शून्य. मिठाची गुळणी धरल्यासारखं तोंड मिटून बसलेला असतो. मधूनच गाल हलवतो, जणू खळखळून चूळ भरतोय, पण थुंकत नाही. नाव: मौनीबाबा.

९ सप्टेंबर

नळीत मोजणी. आधाशीची भट्टी सगळ्यात जोरात, तासाला सोळा मिलिग्रॅम. मॅडम खूश. मौनीबाबा अकरा. म्हणजे मधला. मग खात का नाही? मॅडम म्हणाल्या, "दुखतंय काहीतरी. नियम आहेच."

एक गंमत झाली. मौनीबाबाला मगाने परत टाकीत सोडलं, तेव्हा नळीच्या तळाशी दोन पिवळे गोळे दिसले. म्हणजे दाणेच! कालचे! लबाडाने गालात दडवून ठेवले होते. पुसून टाकले. पण म्हणजे तो तोंडात घेतो. अगदीच काही घेत नाही असं नाही.

१० सप्टेंबर

जेवताना आईला सांगितलं. आई सगळ्या गोष्टी ताटाकडे बघत ऐकते.

"कोपऱ्यात बसतो, म्हणतोस?"

"हो."

"जेवत नाही. कुणी जवळ आलं की तोंड फिरवतो. हनुवटी सुजल्यासारखी."

"हो ना."

"बाई आहे का रे ती?"

"आई, बारा नग, सर्व नर. पावती आहे."

"पावतीला काय कळतंय," आई म्हणाली आणि मला अजून भात वाढला. माझी भट्टी तिला न मोजताच माहीत आहे.

विज्ञान घरी आणायचं नाही हेच खरं.

११ सप्टेंबर, गुरुवार

सहावा दिवस. दहा दाणे टाकले, दहा उरले. उद्या शुक्रवार. काका दुपारीच येऊन टाकीत डोकावून गेले. म्हणाले, "हा सातवा द्या बरं का. गालाने भरलाय."

मी टाकीजवळ बसलो. मौनीबाबाने माझ्याकडे बघितलं. मासे बघतात म्हणजे काय, एकाच डोळ्याने बघतात, त्यामुळे कायम संशय घेतल्यासारखे वाटतात. पण हा तसा बघत नव्हता. हा बघत होता की, बाबा रे, बोलता आलं असतं तर बोललो असतो.

रजिस्टरात लिहिलं: २.

परवा दोन तोंडात होतेच की. ते मी लिहिले नव्हते. आज लिहिले. खोटं नाही, उशिरा लिहिलेलं खरं आहे.

(हे मत आहे. म्हणून इथे.)

१२ सप्टेंबर, शुक्रवार

"आज कोण सुटलं?"

"कुणी नाही, काका."

"सातवा?"

"खातोय आता. काल दोन, आज तीन."

काकांनी रिकाम्या वाडग्यात बघितलं. मग म्हणाले, "मासा खातो तेव्हा माझं नुकसान, नाही खाल्लं तर माशाचं. तुमचं बरं आहे, तुम्ही नुसते लिहिता."

१५ सप्टेंबर, सोमवार

शनिवारी चार लिहिले, रविवारी पाच, आज सहा. एकदम थांबलो असतो तर संशय आला असता. आता न थांबल्याने आलाय.

आज पाइप मारायची पाळी दशांशची. तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "सातव्या टाकीतून दहा दाणे निघाले."

"बरं."

"रजिस्टरात सहा खाल्ले आहेत. दहा टाकले, सहा खाल्ले, दहा उरले."

"सोळा टाकले मी."

"नियम दहाचा आहे."

"हात सटकला."

"बरोबर सहानेच सटकला?" मग रजिस्टर उलटं धरून म्हणाला, "दोन, तीन, चार, पाच, सहा. मासे इतक्या शिस्तीत सुधारत नाहीत. माणसंही नाहीत." आणि गेला. मॅडमकडे गेला की चहाला, ते कळलं नाही. तोवर मी दोन समोसे खाल्ले.

१६ सप्टेंबर

नवी पद्धत: दशांश यायच्या आधी 'खाल्लेले' दाणे मीच काढून शर्टाच्या खिशात टाकतो. आज सात. तोटा एकच. बसस्टॉपपासून घरापर्यंत एक मांजर मागे मागे. दाराशी पोहोचलो तेव्हा तीन.

आईने धुवायला शर्ट घेतला. "हे काय ओलं ओलं?"

"नमुने."

"खातोस का तू हे?"

"नाही गं!"

"मग मांजरं काय म्हणून आलीत?"

मुख्य गोष्ट राहिलीच. आज दुसरी मोजणी होती. मौनीबाबाचं वजन चौऱ्याऐंशी ग्रॅमवरून एकोणऐंशी. आणि भट्टी अकरावरून पंधरा! मी यंत्र खोललं, पुसलं, जोडलं, परत मोजलं. पंधरा. काही न खाणारा मासा वाळतो हे ठीक. पण बसल्या बसल्या तो जास्त श्वास का घेईल? एकट्याच्या पोटाला इतकं लागतं कशाला?

मॅडमनी आकडे बघितले आणि खुर्चीतून उठल्या. त्यांना काय दिसत होतं? रोज जास्त खाणारा, तरी वाळणारा, आणि भट्टी धडधडणारा मासा. "हाच!" म्हणाल्या. "बारा वर्षं हाच शोधत होते मी! कितीही घाल, जाळून टाकतो! वाढत्या भट्टीमागून वाढती भूक, एकाच माशात, एकाच आठवड्यात!" त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात थंडगार होता, टाकीतून काढल्यासारखा.

शुक्रवारी तपासणी समिती येणार आहे. त्यांच्यापुढे सात नंबर जेवणार आहे.

१७ सप्टेंबर

सात नंबर जेवणार नाही.

आज काय काय केलं त्याची यादी नको, पण राहवत नाही. दाणे चुरून दिले. भिजवून दिले. आधाशीची टाकी शेजारी सरकवली, म्हटलं बघून तरी इच्छा होईल. आधाशी काचेतून मौनीबाबाचे दाणे खायला धावला आणि नाक आपटून घेतलं. शेवटी मीच काचेसमोर बसून एक दाणा तोंडात टाकला आणि "अहाहा" केलं. चव: भिजलेला पुठ्ठा, पायमोज्याची फोडणी. मौनीबाबा मागे सरकला.

मागे वळलो तर दारात दशांश. किती वेळ उभा होता विचारलं नाही. त्याने सेकंदांत सांगितलं असतं.

रजिस्टरात: ८.

१८ सप्टेंबर

ठरवलं, सांगून टाकायचं. चार वाजता मॅडमच्या खोलीत गेलो. त्या जमिनीवर बसून कार्डशीटवर आलेख काढत होत्या, शाळेतल्या मुलीसारख्या, जीभ बाहेर. अकरा निळे ठिपके आणि सगळ्यांच्या वर, उजवीकडे, एक लाल. सात नंबर.

"ये. लाल ठळक झालाय ना?"

"मॅडम, तो ठिपका..."

"लांबून दिसायला पाहिजे. समितीतल्या एकांना चष्मा लावूनही दिसत नाही." आणि गुणगुणायला लागल्या.

म्हटलं, "ठळक झालाय." बाहेर आलो. ९ लिहिले. खिशात नऊ. आज मांजरं मोजली नाहीत.

आताही जाऊन सांगता येईल. पण सांगितलं तर उद्याच शुक्रवार आहे, काका वाडगं घेऊन येणार, आणि मौनीबाबाचे न खाल्लेले दिवस सहा नाही, तेरा. नाही सांगितलं तर तो समितीसमोर खाणार नाही आणि तरीही वाडगंच. मी त्याला वाचवलं नाही, नुसतं आठवडाभर पुढे ढकललं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार



समितीत तिघं. एक जाड चष्म्याचे अध्यक्ष, एक सारखं घड्याळ बघणाऱ्या बाई, आणि एक जण जे आल्यापासून बिस्किटं खात होते. (भट्टी: वीसच्या पुढे.) मागे दशांश. दारात काका, वाडग्यासकट, "सहज आलो" म्हणत.

मॅडमनी भाषण केलं. आलेख दाखवला. अध्यक्ष म्हणाले, "हा लाल म्हणजे?" मॅडम म्हणाल्या, "प्रत्यक्षच बघा," आणि मला खूण केली.

दहा दाणे टाकले. ते तरंगत राहिले. मौनीबाबा खाली. एक मिनिट. घड्याळवाल्या बाईंना शेवटी घड्याळ बघायला कारण मिळालं. दोन मिनिटं. मॅडम म्हणाल्या, "लाजतोय."

आणि मग तो हळूच वर आला, काचेच्या अगदी जवळ, आणि त्याने तोंड उघडलं.

तोंडातून धूर निघाला. म्हणजे मला आधी धूरच वाटला. मग त्या धुराला डोळे दिसले. बारीक बारीक, शंभर, दीडशे. नखाएवढेही नाहीत असे मासे, सगळे एकाच वेळी शेपट्या हलवत तोंडाबाहेर सांडत होते.

अध्यक्षांनी नीट दिसेना म्हणून काचेवर टकटक केलं. त्याबरोबर ते सगळेच्या सगळे, सुर्रकन, परत तोंडात! तोंड बंद!

"वा!" अध्यक्ष ओरडले. "काय भूक आहे हो! एका घासात सगळे!"

"सर," घड्याळवाल्या बाई म्हणाल्या, "ते तिच्या तोंडातूनच आले होते."

तिच्या.

मॅडम पावतीकडे वळल्या, मग टाकीकडे, मग परत पावतीकडे. त्यांना कळायला दोन सेकंद लागले. मला अजून दहा लागले. दोन पिवळे गोळे आठवले: दाणे नव्हेत, अंडी होती ती. गालांची चूळ आठवली. अकराचे पंधरा का झाले ते कळलं: नळीत एक जण नव्हतं, नळीत दीडशे जणांचं कुटुंब श्वास घेत होतं. मगाच्या जागी जाळं वापरलं असतं, तर घाबरून तिने पहिल्याच दिवशी सगळी अंडी टाकून दिली असती. माझ्या अडाणीपणाने वाचली ती. आणि मी पुसून टाकलेले ते दोन.

काकांनी वाडगं पाठीमागे लपवलं. "बाळंतीण आहे हो," म्हणाले. "बाळंतिणीला कोण तळतंय? पाप लागेल." आणि निघूनच गेले.

बिस्किटवाले म्हणाले, "पण मग लाल ठिपका?"

मॅडमनी रजिस्टर उघडलं. आवाज अगदी शांत. "तोंडात पिल्लं असलेली तिलापिया एक दाणा गिळत नाही. गिळेल तर पिल्लंही गिळेल. आणि इथे अकरा तारखेपासून चव्वेचाळीस दाणे लिहिलेत. कसे?"

दशांश म्हणाला, "मॅडम, मी पाइप..." आणि थांबला. तो मला वाव देत होता, हे आत्ता लिहिताना कळतंय.

"मी लिहिले," म्हटलं. "तिने एकही खाल्ला नाही. नाहीतर तिला तळलं असतं."

आणि खिशातून कालचे नऊ काढून टेबलावर ठेवले. का ठेवले ते मलाही माहीत नाही. फार वास येत होता.

२० सप्टेंबर

मॅडमनी बोलावलं. आलेख गुंडाळून कोपऱ्यात उभा होता.

"बाराच्या बारा माशांचे आकडे रद्द. एकाचे खोटे, तर बाकीचे मी कशावरून खरे धरू?"

"बाकीचे खरे आहेत मॅडम."

"असतील. तुझ्या शब्दावर घेऊ?"



"समितीने तीन महिने दिलेत, पहिल्यापासून करायला," म्हणाल्या. "तुला काढावं की नाही याचा रात्रभर विचार केला. पण पंधरा दिवस मी नुसता तुझा कागद बघितला, मासा बघितलाच नाही. तू मासा बघत बसलास आणि कागद खोटा केलास. दोघांचा मिळून एक अख्खा माणूस होत नाहीये. राहा. पण रोज संध्याकाळी रजिस्टरावर माझी सही, दशांशची सही."

त्यांनाही नाव माहीत आहे!

दारावरच्या कागदात आज एक ओळ वाढली: 'काढण्यापूर्वी तोंड उघडून पाहावे.'

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती फक्त "हं" म्हणाली. त्या "हं"मध्ये पावतीचे तुकडे तुकडे झाले.

२५ सप्टेंबर

पिल्लं आता परत तोंडात जात नाहीत, मावतच नाहीत. वेगळ्या टाकीत हलवली. एकशे अडतीस. दशांशने मोजली, मी मोजली, एकाने फरक आला, परत मोजली.

२९ सप्टेंबर, सोमवार

नव्या प्रयोगाची पहिली मोजणी. मादी असली तरी सात नंबर यादीत राहिली. मॅडम म्हणाल्या, "बघू तरी." सकाळी नळीत एकटी. भट्टी: आठ. बारा जणांत सगळ्यात मंद.

म्हणजे मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे तिने सगळ्यात कमी खायला पाहिजे.

दुपारी दहा दाणे टाकले. दुसरा श्वास घेईपर्यंत संपले. अजून एकेक टाकत गेलो. वीस. तीस, आणि आधाशी मागे पडला. ती पाणी उडवत होती, माझ्या बाहीवर, दशांशच्या चष्म्यावर. चार मिनिटं होत आली तेव्हा एक्केचाळीस, आणि एक दाणा तळाशी उरलेला. दशांश म्हणाला, "एक्केचाळीस." नुसतं एक्केचाळीस, पुढे काही नाही.

मॅडम मागे उभ्या होत्या.

"सगळ्यात मंद भट्टी, आणि एक्केचाळीस?"

"पंधरा-वीस दिवसांची भूक आहे, मॅडम."

"ते आहेच. पण आलेखात ते दिसणार नाही. आलेखात फक्त ठिपका दिसेल, नको त्या कोपऱ्यात." मग जरा खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता, "एखादा कमी-जास्त झाला असेल का मोजताना?"

बारा वर्षांचं म्हणणं होतं त्यांचं. मला एकदम त्यांची जमिनीवर बसलेली, जीभ बाहेर काढलेली आकृती आठवली. दहा-पंधरा दाणे कमी लिहायला किती वेळ लागतो? मला माहीत आहे किती वेळ लागतो.

"नाही, मॅडम," म्हटलं. "एक्केचाळीस."

त्या टाकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिही."

मी लिहिलं. शाई वाळेपर्यंत सात नंबर खाली गेली आणि तळाशी उरलेला तो दाणाही उचलला. मी घड्याळ बघितलं. पाच मिनिटं व्हायला अजून तीन सेकंद होते, मीच घाई केली होती. खोडून ४२ केलं. शेजारी सही केली. मग दशांशने केली. मॅडमनी पेन मागितलं.